सरांनी सोडलेलं संत्रं

नागपुरात राहून संत्रं न खाणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला आणि तो नेमका माझा घरमालक निघाला.

मी टेलिफोन ऑफिसात ऑपरेटर होते. साताऱ्याहून बदली होऊन नागपूरला आले तेव्हा सक्करदऱ्याला, तलावाच्या अलीकडे, एका बैठ्या घरातल्या मागच्या दोन खोल्या मला भाड्यानं मिळाल्या. घरमालक एका शाळेत संस्कृत शिकवायचे. सगळी वस्ती त्यांना 'सर' म्हणायची, त्यांची बायकोसुद्धा 'सर'च म्हणायची, म्हणून मीही म्हणू लागले. बायको मात्र पहिल्याच दिवशी माझी काकू झाली. मी सामान लावत होते तर दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "तुले संत्रा आवडते का वं?"

मी हो म्हणाले.

"मंग खिडकी लावून खात जा. वास गेला का सर जेवत नाहीत."

मला वाटलं, माणसाला दम्याचा वगैरे त्रास असेल. त्रास कसला, नेम होता! आणि त्या नेमाचं मूळ काशीत नाही, रामेश्वरात नाही, पार विलायतेत होतं.

सरांकडे एक जुना व्हॉल्व्हचा रेडिओ होता. तो आपण घड्याळ लावण्यापुरता घेतला असं ते शपथेवर सांगत. एकदा त्याचा काटा सरकला आणि कुठल्याशा परदेशी स्टेशनवर एक विलायती बँड लागला. रॉक म्हणतात तसला. त्या बँडचं नाव मी लिहीत नाही. सरांना ते नीट म्हणता येत नव्हतं आणि सरांशिवाय मला त्या बँडशी काही देणंघेणं नव्हतं. तेव्हा सगळं जग त्या पाच पोरांपायी खुळावलं होतं एवढं सांगितलं की पुरे. त्या जगात सर हा एक धोतर नेसणारा संस्कृतचा मास्तरही होता, हे त्या पोरांच्या कानावर कधीच गेलं नसणार.

"सर, तुम्हाला त्यातलं काय कळतं?" असं मी एकदा विचारलं होतं.

"काही कळत नाही, म्हणून तर ऐकतो," सर म्हणाले. "शब्द कळले असते तर मी व्याकरण तपासत बसलो असतो."

पाच जणांना सरांनी आपली नावं ठेवली होती. लंबू, दाढीवाला, डावरा, ढोलवाला आणि पेटीवाला. पेटीवाला म्हणजे ऑर्गन वाजवणारा. ही नावं घरात इतकी रुळली होती की काकू भाजी चिरता चिरता म्हणायची, "डावऱ्याचं लग्न मोडलं म्हणते, नाई जी?" आणि सर गंभीरपणे मान हलवायचे.

त्या बँडची एक तबकडी सरांनी सीताबर्डीला जुन्या बाजारात घेतली होती. ती वाजवायला घरात फोनो नव्हता. म्हणून दर रविवारी सर ती तबकडी धुतलेल्या पंच्यात गुंडाळून सायकलनं महाल नावाच्या जुन्या वस्तीत घेऊन जात. तिथं एक लाऊडस्पीकर भाड्यानं देणारा त्यांचा जुना विद्यार्थी होता. गुरुजींना नाही कसं म्हणायचं, म्हणून तो तबकडी लावायचा. अडचण एवढीच की त्याच्याकडे आवाज यायला भोंग्याशिवाय दुसरं काही नव्हतं. त्यामुळे सर एका बाजेवर डोळे मिटून बसत आणि अख्खी गल्ली विलायती गाणं ऐके. समोरच्या म्हातारीनं एकदा न राहवून विचारलं, "मास्तर, हे पोट्टे काहून बोंबलून राहिले? कोनी मारलं का त्यायले?"

"मावशी, ते गात आहेत."

"मंग गाऊ दे. मले वाटलं, पोलिसाले बलवाव लागते."

तर हा बँड एक दिवस फुटला. पेटीवाला भांडून बाहेर पडला आणि बाकीचे चौघे चार दिशांना गेले. ही मी येण्याच्या बऱ्याच आधीची गोष्ट, पण काकूनं ती मला इतक्या वेळा सांगितली की मी तिथं हजरच होते असं मला वाटतं. "रेडिओवर आयकलं अन् सर उठले," ती सांगायची. "सीधे नळाखाली जाऊन बसले. डोक्यावरून पानी घेतलं. मले वाटलं, गावाकडून तार आली. मी रडाले लागली. विचारलं, कोन गेलं जी? तर म्हणे, बँड गेला."

अंगावरून पाणी घेऊन सर थांबले असते तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण सरांच्या आईनं काशीला जाऊन वांगं सोडलं होतं आणि मरेपर्यंत पाळलं होतं. आवडती वस्तू सोडायची आणि पुन्हा तोंडात घालायची नाही, ही त्यांच्या घरातली रीत. सरांनी ओलेत्यानंच पाणी सोडलं : ते पाच जण पुन्हा एका मंचावर एकत्र येईपर्यंत मी संत्रं खाणार नाही.

"दुसरं काही सोडाव होतं," काकू म्हणाली होती. "कारलं सोडाव होतं."

"कारलं मला आवडत नाही. न आवडणारं सोडलं तर तो नेम नाही, चैन आहे," असं सरांचं उत्तर.

आता यात काकूचं दुःख कुठं होतं ते सांगते. काकूचं माहेर काटोलचं. वडिलांची संत्र्याची बाग. बहार आला की म्हातारा पहिल्या तोडीचं टोपलं स्वतः निवडून, वर पानं टाकून, एसटीनं लेकीकडे पाठवायचा. नेमानंतरचं पहिलं टोपलं आलं आणि सरांनी ते उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. घरात आलं तर मोह होईल म्हणून. म्हाताऱ्याला वाटलं, जावयाला माझी बाग हलकी वाटते. विलायतेतल्या पोरांची गोष्ट त्याला कुणी सांगायची आणि सांगितली तरी त्यानं ती ऐकायची कशी? त्यानं निरोप धाडला : "माह्या बागेचा संत्रा जावई खाईल तवाच माह्या दारात पाय टाकजो. अन् एकटी येऊ नोको. जोडीनं येजो."

दोघंही सारखेच. एक नेमाचा पक्का, दुसरा शब्दाचा. आणि मधे काकू. कितीतरी बहार आले आणि गेले, ती माहेरी गेली नव्हती. मला सरांचा फार राग यायचा. चांगला माणूस होता, भाडं कधी मागायचा नाही, नळ गेला तर स्वतः बादली भरून दारात ठेवायचा. पण बायकोचं माहेर तोडून बसलेला चांगुलपणा काय चाटायचा आहे?

काकू संत्रं खायची ती माझ्या स्वयंपाकघरात. मी सीताबर्डीवरून आणायचे. खिडकी लावून आम्ही बसायचो. खाताना ती पहिली फोड तोंडात घोळवायची आणि मग म्हणायची, "आमच्याकडचा नाही हा." झालं की साबण लावून कोपरापर्यंत हात धुवायची, वास घेऊन बघायची आणि पुन्हा धुवायची. एकदा हात धुता धुता रडली. म्हणाली, "बाबाले आता दिसत नाही म्हणते नीट. माह्यं तोंड त्याले दिसन का, मी जाईन तवा?" मग डोळे पुसून चिडली. "त्या पाच पोट्ट्यायले मालूम तरी हाय का वं, का आपल्या घरी संत्रा बंद हाय म्हणून?"

सरांना एकाच गोष्टीची भीती होती. त्यांचा आणखी एक नियम होता : ताटात वाढलेलं नाकारता येतं, टेबलावर ठेवलेलं नाकारता येतं, पण उजव्या तळहातावर पडलं ते प्रसाद. ते परत द्यायचं नाही. शाळेत पोरांनी वाढदिवसाची चॉकलेटं त्यांच्या तळहातावर ठेवली की ते निमूट खात, दात दुखत असला तरी. काकूला हे ठाऊक होतं आणि तिला ठाऊक आहे हे सरांना ठाऊक होतं. त्यामुळे संत्र्यांच्या दिवसांत सर दोन्ही हात पाठीमागे बांधून चालत. घरात, रस्त्यात, वर्गात. पोरांना वाटायचं, सरांचा रुबाब काय आहे! मी पाहायचे, ते जेवून उठले तरी हात मागे आणि काकू फोड घेऊन उभी असल्यासारखे तिच्याकडे बघत बघत भिंतीला पाठ लावून बाहेर जायचे.

मग एके दिवशी ऑफिसातून येताना मला भिंतीवर कागद चिकटवलेला दिसला. त्या जगप्रसिद्ध बँडचा माजी वादक नागपुरात येतोय. कुठल्याशा आश्रमात काही महिने राहून तो परत निघाला होता आणि वाटेत इथल्या एका क्लबनं त्याला गाठून संध्याकाळचा कार्यक्रम ठरवला होता. मी धावत घरी आले. सरांनी नाव ऐकलं आणि त्यांचं तोंड काळवंडलं.

"पेटीवाला!"

"मग जाऊ ना आपण!"

"बाई, आपण जाणत नाही. याच मनुष्यानं घर फोडलं." सर रागावले की त्यांचं संस्कृत जायचं आणि नागपुरी यायची. तशी ती आली. "मी त्याचं थोबाड पाहाले जाऊ? काहून जाऊ?"

काकू दारात उभी होती. ती शांतपणे म्हणाली, "एक तर आला ना जी."

"पाच पाहिजेत."

"सत्यनारायणाले बायको नसली तं काय करते मानूस? कंबरेले सुपारी लावते. मंग चार सुपाऱ्या मांडा."

हा मुद्दा शास्त्राला धरून होता. दोन दिवस ते पोथ्या उघडून बसले. तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाले, "प्रतिनिधी चालतो. मात्र सुपारी अखंड पाहिजे आणि तो वाजवत असताना चारही मंचावर पाहिजेत." काकू आत गेली ती बराच वेळ बाहेर आली नाही. मी आत डोकावले तर ती ट्रंकेतून माहेरचं लुगडं काढून बसली होती.

कार्यक्रमाच्या दिवशी आम्ही तिघं तासभर आधीच सभागृहात पोचलो. सरांनी धोतर, कोट आणि टोपी असा पोशाख केला होता. भोवती बेलबॉटम घातलेली कॉलेजची पोरं होती, ती सरांना आयोजकांपैकी समजून वाट देत होती. त्या जोरावर सर थेट मंचावर गेले, माइकच्या पुढं फळीवर चार सुपाऱ्या ओळीनं ठेवल्या, प्रत्येकीवर अक्षता टाकल्या आणि खाली येऊन बसले. रस्ताभर ते मला आणखी एका कामासाठी पढवत होते : "साहेबांत हस्तांदोलन करतात. मी करेन. आपण इंग्रजी जाणता, तेव्हा आपण विचारायचं, का सोडलंस?"

मंचावर नुसती धावपळ चालली होती. पाहुण्याचा ऑर्गन वाटेत कुठंतरी अडकला होता. अखेर जवळच्या कुठल्याशा शाळेतून प्रार्थनेची पेटी आणली गेली आणि ती दिसताच सर उठून उभे राहिले. "ही आमच्या शाळेची पेटी! हिचा धैवत चिकटतो!"

तेवढ्यात सुटातला निवेदक माइक तपासायला आला. त्याला पायाशी सुपाऱ्या दिसल्या. त्यानं एक उचलली, कोटाच्या खिशातून अडकित्ता काढला आणि आम्ही काही म्हणायच्या आत कातरून तोंडात टाकली. वर चुनाही लावून घेतला.

सरांचा आवाज अख्ख्या सभागृहानं ऐकला : "अरे, त्यानं ढोलवाला खाल्ला!"

मागची पोरं हसली, टाळ्या पडल्या. मलाही हसू येत होतं, पण काकूकडे पाहिलं आणि ते जागच्या जागी गेलं. ती अगदी हळू म्हणाली, "दुसरी आणतो ना मी बाहेरून. पानठेला हाय."

"आवाहन झालं होतं," सर म्हणाले. "आता दुसरी चालत नाही." आणि खाली बसले. मला त्या क्षणी सरांना तिथंच सोडून काकूला घेऊन एसटी स्टँडवर जावंसं वाटत होतं.

पेटीवाला आला. उंच, टक्कल पडू लागलेला, खादीचा झब्बा, पायात कोल्हापुरी वहाणा आणि त्याही डावी उजव्यात. पोरांनी शिट्ट्यांनी छप्पर डोक्यावर घेतलं. त्यानं आधी स्वतःची नवी गाणी वाजवली. ती कुणालाच आवडली नाहीत. पोरं जुन्या गाण्यांची नावं घेऊन ओरडू लागली. मग त्याचा धैवत चिकटला. पट्टी खालीच राहिली आणि तो एक सूर भुंग्यासारखा घुमत राहिला. पाहुणा घाबरला, पट्टी उपटून पाहिली, पेटीवर थाप मारली. सर जागेवरून बोटानं खुणा करत होते, "राहू दे, राहू दे." त्यानं ते पाहिलं की नाही कोण जाणे, पण त्यानं तो सूर तसाच राहू दिला आणि त्यावर हळूच एक जुनं गाणं धरलं.

ते सरांच्या तबकडीवरचं पहिलं गाणं होतं. महालात भोंग्यातून कर्कश वाटायचं ते. इथं एका प्रार्थनेच्या पेटीवर ते इतकं एकटं वाटत होतं की पोरं गप्प झाली. सर डोळे मिटून बसले होते. गालावरून पाणी वाहत होतं आणि ते पुसत नव्हते. मला बँडबिंड कळत नाही, पण त्या माणसाला चौघांची आठवण येत होती एवढं मला कळलं.

कार्यक्रम संपल्यावर सर आम्हाला घेऊन मंचामागं गेले. क्लबनं पाहुण्याला नागपूरची भेट म्हणून संत्र्यांची परडी दिली होती. तो एका खुर्चीवर बसून त्यातलंच एक सोलत होता. मी पुढं झाले आणि सरांचा प्रश्न इंग्रजीत विचारला : बँड का सोडलात?

तो थोडा वेळ आठवत राहिला. मग हसला आणि म्हणाला, "खरं सांगू? भांडण कशावरून झालं ते आता आठवत नाही."

मी हे सरांना मराठीत सांगितलं. सगळे गेलेले बहार, उंबऱ्यावरून परत गेलेलं टोपलं, भिंतीला लावलेली पाठ हे सगळं त्यांच्या डोळ्यांपुढून गेलं असावं. मग ठरल्याप्रमाणे त्यांनी हस्तांदोलनासाठी हात पुढं केला. पण जन्मात कधी हस्तांदोलन केलेलं नव्हतं. देवळात तीर्थासाठी करतात तसा त्यांनी उजवा हात पुढं केला, तळवा वर, मधे खळगा.

पाहुण्यानं तळव्याकडे पाहिलं, सरांकडे पाहिलं आणि एक फोड त्या खळग्यात ठेवली.

काकूनं माझं मनगट इतकं घट्ट धरलं की बांगडी रुतली. सर हाताकडे बघत राहिले. हात मागं घ्यायची वेळ टळून गेली होती. त्यांनी डोळे मिटले, फोड कपाळाला लावली आणि तोंडात टाकली. बीसुद्धा थुंकली नाही.

आम्ही रिक्षात बसलो. मग सर म्हणाले, "नेम मी मोडलेला नाही. ज्यानं बँड मोडला त्यानंच नेमही मोडला. त्याला मोडायची सवयच आहे."

"हो जी," काकू म्हणाली. "सकाळची गाडी कितीले हाय?"

काटोलला ती मलाही ओढून घेऊन गेली. साक्षीदार पाहिजे म्हणाली. म्हातारा बागेत बाजेवर बसला होता. दोन्ही डोळ्यांत पांढरं पडलेलं. लेकीनं पायाला हात लावला तेव्हा त्यानं तिचा चेहरा हातांनी चाचपला, कपाळापासून हनुवटीपर्यंत, दोनदा. मग विचारलं, "जोडीनं आली का वं?"

सर पुढं झाले. त्यांनी हात पुढं केला, तळवा वर. म्हाताऱ्यानं तो हात शोधला, धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मग झाडाचं एक संत्रं तोडून आणायला लावलं, स्वतः सोललं, आंधळ्या बोटांनी एकेक शीर काढली आणि एकेक फोड जावयाच्या हातावर ठेवत गेला. सरांनी सगळं संत्रं संपवलं.

"कसा हाय, मास्तर?" म्हाताऱ्यानं विचारलं.

मी आणि काकू डोळ्यांनी सरांना सांगत होतो, गोड म्हणा, गोड म्हणा. पण खोटं बोलणं त्यांच्या नेमात बसत नव्हतं.

"आंबट आहे," सर म्हणाले.

क्षणभर वाटलं, आता पुन्हा पहिल्यापासून. पण म्हातारा हसायला लागला. खोकला येईपर्यंत हसला. "आंबटच हाय! औंदाचा बहार बिघडला. आत्तापर्यंत एकही असा नव्हता गेला." मग हसू थांबलं आणि तो म्हणाला, "चांगले बहार गेले ना गा बावा, तुह्या त्या पोट्ट्यायच्या पायी."

सर खाली बघत राहिले. नंतर ते बाजेवर म्हाताऱ्याच्या शेजारी जाऊन बसले आणि त्यांनी दुसऱ्या संत्र्यासाठी हात पुढं केला.

काकू झाडाखाली बसून एकामागून एक संत्री सोलत होती. रस कोपरापर्यंत ओघळत होता. "तुले आंबट लागते का वं?" तिनं मला विचारलं. खरं तर दात आंबले होते, पण मी नाही म्हणाले. संध्याकाळच्या एसटीत ती खिडकीशी, मी मधे आणि पलीकडे सर. सगळ्या गाडीत संत्र्याचा वास सुटला होता. निघताना बागेतल्या विहिरीवर मी तिला बादली भरून दिली होती, साबणही ठेवला होता. पण काकूनं हात धुतले नव्हते.